बारीक अंगाचा मल्ल : खाशाबा जाधव



आपल्या घरांत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा नांदतात. या दोन भाषांत एक शब्द असा आहे की जो एकीकडे एक अर्थ सांगतो आणि दुसरीकडे दुसरा. तो शब्द म्हणजे तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, जेथे मुले जोर-बैठका काढतात आणि कुस्ती शिकतात. आपण सारे पहिल्या तालमीसाठी झटत आहोत व ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या तालमीचा आपल्याला विसर पडत चालला आहे. कुस्ती, पहिलवान, कसरत, मेहनत, खुराक हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीच्या मातीत आले आणि तेथेच रुजले. मराठी पहिलवान आपल्या गुरूला वस्ताद म्हणतो, तो आपला उस्तादच होय. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आपल्या वर्गांत, मोहल्ल्यांत अशी अनेक मुले दिसतात की जी कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही म्हणून खंतावलेली असतात. सोबती त्यांना काडी म्हणतात, कुणी फुंकर मारून उडवून दाखवितो. खेळांच्या संघात त्यांचे नाव शेवटी येते किंवा येतच नाही. मूल वरवर हसते, पण आतून खचते. मग कुणी कसल्याशा पावडरीच्या डब्यामागे लागतो, कुणी त्याहूनही वाईट मार्गाला जातो. अशा मुलांसाठी व त्यांच्या अम्मी-अब्बांसाठी आज एका माणसाचे चरित्र सांगावयाचे आहे. त्यालाही एकदा केवळ अंगाने बारीक म्हणून परत पाठविण्यात आले होते. पुढे त्याच माणसाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. गाव कराडच्या अगदी जवळ, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातले. घर शेतकऱ्याचे. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांनी अगदी लहानपणीच त्यांना मातीत उतरविले. शेतकऱ्याच्या घरात श्रीमंती खुराक नव्हता. भाकरी, कालवण, दूध-दुभते असेल तेवढे, आणि दिवसभराची कामे. मुलगा चपळ होता, चिवट होता. पण अंगाने भरलेला असा कधीच नव्हता. उंचीही बेताचीच.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ सालचे चले जाव आंदोलन पेटले तेव्हा हा शाळकरी मुलगाही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचविणे अशा कामांत होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अभ्यास, देशकार्य आणि कुस्ती या तिन्ही गोष्टी त्यांनी बरोबरीने चालविल्या. कुस्ती करणारा मुलगा अभ्यासातून जातो, ही आपल्याकडील समजूत त्यांच्या बाबतीत खोटी ठरली. शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूरविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीची पंढरी केले. खासबागचे भव्य मैदान त्यांनीच उभारले. आणि याच महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग सुरू करविले, कारण हा समाज शिक्षणात मागे राहू नये अशी त्यांची तळमळ होती. म्हणजे तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच राजाने एकाच गावात जपले. आपल्यासारख्या शिक्षण संस्थेने हे उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. खाशाबा कोल्हापुरास आले तेव्हा महाराजांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, पण गावातील तालमी घुमत होत्या.

अशा गावात, धिप्पाड मल्लांच्या गर्दीत, हा सडपातळ तरुण येऊन उभा राहिला. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आल्या. कुस्तीसाठी नाव द्यावे म्हणून खाशाबा खेळाच्या शिक्षकांकडे गेले. शिक्षकांनी त्यांच्या अंगाकडे पाहिले आणि नकार दिला. या शरीरयष्टीचा मुलगा कुस्ती काय करणार, असे त्यांना वाटले असावे. त्यात दुष्टपणा होता असे नव्हे. आपणही रोज असेच करतो. मुलाच्या अंगाकडे पाहून त्याच्या ताकदीचा हिशेब मांडतो. पण ताकद केवळ आकारात नसते. ती स्नायूंच्या सवयीत असते, तोलात असते, दमसासात असते आणि मनात असते. ही गोष्ट नजरेने मोजता येत नाही.

खाशाबा रडत घरी गेले नाहीत, की भांडलेही नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. स्पर्धेत या बारीक मुलाने आपल्याहून दणकट गड्यांना एकापाठोपाठ एक असे चीत केले. पाहणारे थक्क झाले. एका दाराने नाही म्हटले होते, दुसरे दार उघडले गेले. ते दुसरे दार उघडले नसते तर पुढची कथाच झाली नसती.

त्यांच्या घडणीत बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांचा मोठा वाटा होता. त्यांचा खास डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान व डोके कवेत धरून त्याला फिरवून जमिनीवर टाकावयाचे. या डावाला वजनापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. ज्याचे अंग हलके, त्याने आपल्या अंगाला साजेसा डाव निवडावा, हा त्यातील धडा आहे. हत्तीची चाल चित्त्याने शिकू नये.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. वयाची बावीस वर्षे पूर्ण झालेली. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोपर्यंतचा. मित्रहो, हा आकडा लक्षात ठेवा. बावीस वर्षांचा मल्ल, ऑलिंपिकला निघालेला, आणि वजन ५२ किलोच्या आत. आपल्या कॉलेजात या वजनाचा मुलगा आरशात पाहून लाजतो.

लंडनला मातीचा आखाडा नव्हता, गादी होती. नियम निराळे. जन्मभर मातीत खेळलेल्या माणसाचे पाय गादीवर सहज रुळत नाहीत. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीची तयारी करून दिली. खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना हरविले, पण इराणच्या मल्लापुढे त्यांचे चालले नाही. सहावा क्रमांक मिळाला. त्या काळच्या हिंदी मल्लाला ही मोठीच मजल होती. खाशाबांचे मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. चार वर्षांनी पुन्हा यावयाचे, हे त्यांनी मनाशी ठरविले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी वरच्या गटाची तयारी सुरू केली. तो गट बँटमवेट, ५७ किलोपर्यंतचा. म्हणजे दोन गटांत अंतर किती, तर पाच किलो. चार वर्षांत पाच किलो. वर्षाला सव्वा किलो. आज एका महिन्यात दहा किलो वाढविण्याच्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. त्या वाचणाऱ्या मुलांनी हा हिशेब वहीत लिहून ठेवावा. अर्थात वरच्या गटात जाणे म्हणजे नुसते वजनकाट्यावर जड होणे नव्हे. त्या गटातील मल्लांची पकड झेलता यावी, त्यांना उचलता यावे, एवढे बळ त्या वाढीव वजनात असले पाहिजे. पोटावर चढलेली चरबी मल्लाला भार असते. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर चढलेले मांस हेच त्याचे भांडवल.

हे मांस चढते कसे, हे थोडक्यात समजून घेऊ.

स्नायू हा बारीक तंतूंचा बनलेला असतो. सवयीपेक्षा अधिक भार पडला की त्या तंतूंवर ताण येतो. मग विश्रांतीच्या वेळी, विशेषतः झोपेत, शरीर त्यांची डागडुजी करते आणि त्यांना पूर्वीपेक्षा थोडे जाड करते. या कामाला प्रथिने लागतात. म्हणून कसरत, खुराक आणि झोप या तिन्ही गोष्टी तिपाईच्या पायांसारख्या आहेत. एक मोडला की तिपाई पडते. रोज तोच भार आणि तेवढेच जोर काढीत राहिल्यास वाढ थांबते. म्हणून जुने वस्ताद दर काही दिवसांनी जोर-बैठकांची संख्या वाढवीत, मुद्गल जड करीत, आखाड्याची माती फावड्याने उकरावयास लावीत. आजचे शास्त्रही हेच सांगते की भार क्रमाक्रमाने वाढवावा.

सुरुवातीचे सहा-आठ आठवडे ताकद वाढते, पण अंग फारसे भरलेले दिसत नाही. कारण आरंभी मज्जातंतूच स्नायूंना कामाला लावावयास शिकतात. मांस नंतर चढते. नेमक्या याच काळात आपली मुले निराश होऊन तालीम सोडतात. पेरणी करून आठच दिवसांत कपाशीची बोंडे शोधणाऱ्या शेतकऱ्यासारखे हे झाले.

काही माणसे जात्याच बारीक असतात, हेही खरे. त्यांना भूक लवकर भागल्यासारखी वाटते. अधिक खाल्ले तर त्यांचे शरीर नकळत अधिक हालचाल करू लागते, चुळबूळ वाढते आणि खाल्लेले खर्च होते. अशा मुलाने भूक लागेल तेव्हा खाईन, असे म्हणून चालत नाही. त्याने वेळा ठरवून, थोडे थोडे पण अधिक वेळा खावे. गरजेपेक्षा रोज तीनशे ते पाचशे उष्मांक अधिक पोटात गेले तर वजन हळूहळू वाढू लागते. कसरत करणाऱ्याने दर किलो वजनामागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने घ्यावीत. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे पंचाहत्तर ग्रॅम.

हे ऐकून कुणी अब्बा म्हणतील की आमच्या मजुरीत हे कसे बसावयाचे. तर आपल्या खानदेशाकडे नीट पहा. केळीसाठी आपला जिल्हा देशभर प्रसिद्ध आहे. दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि म्हशीच्या दुधाचा एक पेला एवढ्यात पाचशेच्या आसपास उष्मांक येतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस. आपल्या आजी-नानींची कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी व उडीद यांचा मेळ. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असते ते उडीद भरून काढतो आणि उडदात जे कमी ते ज्वारी देते. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. डाळ, चणे, दही, अंडी, ऐपतीप्रमाणे मटण किंवा कोंबडी, हा खुराक पावडरीच्या डब्याहून स्वस्त आणि खात्रीचा आहे. रमजानच्या महिन्यातही घाबरण्याचे कारण नाही. सहरीला डाळ, अंडी, दही असे टिकाऊ अन्न घ्यावे, इफ्तार नुसत्या भज्यांवर आटोपू नये, आणि कसरत हलकी करून ती इफ्तारनंतर करावी. कमावलेले अंग एका महिन्यात जात नाही.

आता पुन्हा खाशाबांकडे वळू.

१९५२ साल उजाडले. ऑलिंपिक फिनलंड देशाच्या हेलसिंकी शहरी भरावयाचे होते. खाशाबा तयार होते, पण पैसा नव्हता. गरीब शेतकऱ्याच्या मुलाने एवढ्या दूरचा प्रवासखर्च कोठून आणावा? सरकारदरबारी खेटे घातले, फारसे हाती लागले नाही. गावोगाव वर्गणी मागितली. गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या परीने दिले. तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. त्या काळी सात हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती. घर गेले तर प्राचार्यांनी कोठे जावयाचे? हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. पण विद्यार्थ्यावरील विश्वास त्याहून मोठा ठरला. शिक्षकी पेशाला सलाम करावा असा हा प्रसंग आहे.

जुलै महिन्यात हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा उतरले. कॅनडाच्या मल्लाला त्यांनी चीत केले. मेक्सिकोचा मल्लही चीत झाला. जर्मनीच्या मल्लावर गुणांनी मात केली. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली, दमविणारी झुंज झाली व ती खाशाबा हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न घेताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढावे लागले. नियमाने मिळावयाची विश्रांती हक्काने मागून घेणारा आपला एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने ते ही कुस्तीही हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळाले.

स्वतंत्र भारताच्या नागरिकाने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे वाट पहावी लागली. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ साली आले, छप्पन्न वर्षांनी. ज्या मुलाला कॉलेजच्या स्पर्धेत घेण्यास शिक्षक कचरले होते, त्याची जागा भरून काढावयास देशाला अर्धशतक लागले.

पदक घेऊन ते कराडला उतरले तेव्हा शंभर-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे वृद्ध मंडळी सांगत. थोड्या अंतराच्या वाटेला तासन् तास लागले. परंतु मिरवणुकीहून मोठी गोष्ट पुढे घडली. गुलालाचा रंग उतरण्याआधीच खाशाबांनी कुस्त्यांच्या फडांत उतरावयास सुरुवात केली आणि मिळालेल्या बिदागीतून प्राचार्य खर्डेकरांचे पैसे फेडले. घर सुटले. ऑलिंपिकचा विजेता कर्ज फेडण्यासाठी गावच्या मातीत पुन्हा कुस्त्या खेळला. पदक हे त्याच्या बळाचे प्रमाणपत्र होते, तर फेडलेले कर्ज हे त्याच्या चारित्र्याचे. आपल्या दीनमध्ये कर्ज फेडण्यास किती महत्त्व आहे हे वाचकांस सांगावयास नको.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. १९५६ च्या ऑलिंपिकला जाण्याचा मानस गुडघ्याच्या दुखापतीमुळे तडीस गेला नाही. खात्यातील स्पर्धा त्यांनी गाजविल्या, नव्या मुलांना शिकविले, आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. एवढ्या मोठ्या मानकऱ्याची म्हणावी तशी कदर मात्र त्यांच्या हयातीत झाली नाही. निवृत्तीनंतरचे दिवस ओढगस्तीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१ साली, मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला. उशिरा का होईना, देशाला आठवण झाली.

या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे?

विद्यार्थी मित्रहो, पहिली गोष्ट अशी की बारीक असणे हा दोष नाही आणि तो निकालही नाही. पौगंडवयात उंची आधी वाढते, अंग मागून भरते. अनेकांचे अंग वीस-बावीस वर्षांपर्यंत भरत असते. दहा जोर आणि वीस बैठकांपासून आरंभ करा. दर आठवड्याला दोन-चार वाढवा. एक दिवसाआड कसरत, रात्री आठ तास झोप, वेळेवर जेवण, आणि दर महिन्याला एकदाच वजन. रोज काट्यावर उभे राहू नका. महिन्याला एक किलो वाढले तरी ते भरपूर समजा.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. झटपट दंड फुगविण्यासाठी काही ठिकाणी मुलांना स्टेरॉईडची इंजेक्शने व गोळ्या दिल्या जातात. यांनी अंग फुगते हे खरे, पण यकृत व हृदय बिघडते, संप्रेरकांचा मेळ जातो, आणि वाढत्या वयाच्या मुलाची हाडे वेळेआधी पक्की होऊन उंची खुंटू शकते. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. अमानतीत खयानत करू नये.

पालकांनो, तुमच्यासाठी तिसरी गोष्ट. मुलगा जात्याच बारीक असेल तर काळजीचे कारण नाही. परंतु असलेले वजन उतरू लागले, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सारखी तहान-लघवी लागू लागली, जुलाब थांबेनात किंवा चेहरा फिकट पडला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता सरकारी दवाखान्यात दाखवा. क्षय, मधुमेह, थायरॉईडचा विकार, जंत, रक्ताची कमतरता यांमुळेही अंग झडते आणि यांवर उपचार आहेत. प्रौढ माणसाची उंची १६५ सेंटिमीटर असून वजन पन्नास किलोच्या खाली असेल तर तेही एकदा डॉक्टरांना विचारावे. आणि हे सारे मुलींनाही लागू आहे. घरात दूध व अंडे आधी मुलाच्या ताटात पडते आणि मुलीच्या ताटात उरले तर, ही रीत सोडली पाहिजे. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पदक आणणारी पहिली भारतीय मुलगी साक्षी मलिक, २०१६ साली. तिच्याही ताटात कुणीतरी आवर्जून वाढले असेलच ना.

चौथी गोष्ट आम्हा शिक्षक व संस्थाचालकांसाठी. जामनेरच्या लोकांना कुस्तीचे फड नवे नाहीत. फड भरला की आपण धिप्पाड गड्यासाठी टाळ्या वाजवितो. पण आपल्या मैदानाच्या कडेला एखादा बारीक मुलगा नाव देण्यासाठी उभा असेल, तर त्याच्या अंगाकडे पाहून त्याला परत पाठवू नये. त्याला एकदा मैदानात उतरू द्यावे. तो हरला तरी चालेल, पण संधी न देता आपण त्याला हरवू नये. आणि त्याच्यात काही आहे असे दिसले तर खर्डेकरांसारखे घर गहाण ठेवणे साऱ्यांना जमेल असे नाही. पण रोज दोन केळी, एक पेला दूध आणि पाठीवर हात, एवढे तर कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

गोळेश्वरचा तो ५२ किलोच्या गटातला तरुण एका नकाराने घरी बसला नाही आणि एका प्राचार्याने त्याला विन्मुख पाठविले नाही. या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणून हेलसिंकीला तिरंगा चढला. अल्लाह आपल्या मुलांना तशी हिंमत देवो आणि आपल्याला तशी नजर देवो.